लासलगावला अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांसाठी

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावला लिलाव थांबले. तेव्हापासून कांद्याचा विषय निघाला की तिकडचं कुणीतरी ऐकवतंच: 'अमेरिकेत सरकार बाजारात हात घालत नाही, म्हणून तिथला शेतकरी सुखी.' न्यू जर्सीत बसून हे ऐकलं की डोकं फिरतं.

ज्या दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीचे इथे अजून गोडवे गातात, तिच्या काळात भाव सरकारच बांधत होतं. एप्रिल १९४२ च्या हुकमाने बहुतेक मालाचा भाव त्याच मार्चमधल्या कमाल दराला गोठवला. साखर रेशनवर, माणशी आठवड्याला अर्धा पौंड. मांस, चीज, लोणी लाल कुपनांवर. डबाबंद भाज्या-फळं निळ्या. कुपन दुकानदारासमोरच रेशनच्या पुस्तकातून फाडायचं, सुटं आणलेलं चालत नसे. मालाचा हिशेब पैशांबरोबर रेशनच्या पॉइंटांतही होई; १९४४ मध्ये प्रत्येक कुपन १० पॉइंटांचं झालं, तेव्हा मोड म्हणून एकेका पॉइंटची टोकनं निघाली. दुकानदार जमलेली कुपनं बँकेतल्या रेशन-खात्यात भरे आणि त्या खात्यावर घाऊक व्यापाऱ्याला पॉइंटांचा चेक देई, तेव्हा पुढचा माल सुटे. तळणाची पौंडभर चरबी खाटकाला परत दिली तर ४ सेंट आणि २ लाल पॉइंट. तिच्यातून ग्लिसरीन निघे, ते दारूगोळ्याला. आपल्या रेशन दुकानाकडे पाहून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा इकडेही बघावं.

लबाड्या झाल्याच. हलक्या प्रतीचं मांस वरच्या भावाने जाई, हाडं-चरबी न काढता तोललं जाई, खोटी कुपनंही छापली गेली. या खात्याच्या भाव बांधणाऱ्या विभागाची सुरुवातीची धुरा अर्थतज्ज्ञ गालब्रेथ यांच्याकडे होती, तेच पुढे राजदूत म्हणून दिल्लीला आले.

पण जे कुणी सांगत नाही ते वेगळंच. जानेवारी १९४२ च्या कायद्यातच अट होती: शेतमालाचा कमाल भाव पॅरिटीच्या ११० टक्क्यांखाली बांधायचा नाही. पॅरिटी म्हणजे १९०९ ते १९१४ मध्ये माल विकून शेतकऱ्याला जेवढं विकत घेता येई, तेवढं आजही घेता येईल असा भाव. ऑक्टोबरात ही अट सैल झाली, पण त्याच वेळी ठरावीक मालाला युद्धानंतरही दोन वर्षं ९० टक्के पॅरिटीची हमी मिळाली. झाकण होतं, तसा तळही होता. आपल्याकडे हमीभावाच्या यादीत कांदाच नाही. भाव चढला की निर्यातबंदी, पडला की ज्याचं त्याने निस्तरावं.

इथेही सगळं सुरळीत पार पडलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ३० जून १९४६ ला भावनियंत्रणाची मुदत संपली, भाव उसळले. उन्हाळ्यात जनावरं भराभर विकली गेली. ऑगस्टअखेर मांसाचे भाव पुन्हा बांधले, तर पशुपालकांनी माल रोखून धरला आणि शरदात खाटकांची दुकानं ओस पडली. १४ ऑक्टोबरला अध्यक्ष ट्रूमननी मांसावरचं नियंत्रण उठवलं, तरी नोव्हेंबरात इथल्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दोन्ही सभागृहं विरोधी रिपब्लिकनांकडे गेली. कांद्याने १९९८ मध्ये दिल्लीचं राज्य सरकार घालवलं म्हणतात, त्याचा हा थोरला भाऊ.

आता तिकडून हमखास येणारं उत्तर: 'तुम्ही तिथे बसून बोलू नका.' बरोबर आहे. ग्रीन कार्डावर इथे मत नाही, तिथलं द्यायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. कांद्याचा भाव इथल्या एडिसन गावातल्या पटेलांच्या दुकानात कळतो, तोही डॉलरमध्ये. तरी अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर १९४२ चा अख्खा कायदा द्या, अर्धा नको.