"तिथे काय, नुसतं किंचाळायचं असतं"

आज कुणीतरी 'अभिनयाच्या सर्वोत्तम 25 भूमिका' अशी यादी टाकली. त्यात भयपटातली एकही भूमिका नाही. कमेंटमध्ये एकाने विचारलं, तर उत्तर आलं, "तिथे काय, नुसतं किंचाळायचं असतं." सकाळपासून डोक्यात तेच घोळतंय.

नुसतं किंचाळायचं? समोर भूत नसतं हो. स्टँडला लावलेली चिकटपट्टी असते, तिच्याकडे बघून थरथरायचं. नजर दोन बोटं खाली गेली तर नंतर घातलेल्या आकृतीच्या डोळ्यांऐवजी छातीकडे बघितल्यासारखं दिसतं, शॉट वाया. त्याच प्रसंगाचा लांबून घेतलेला लाँग शॉट सकाळी, चेहऱ्याचा क्लोजअप जेवणानंतर. श्वासाची धाप दोन्हीकडे तेवढीच हवी, नाहीतर संकलनात जोड लपत नाही. ड्रामात निदान समोर संवाद म्हणणारा माणूस तरी असतो.

1960 च्या 'सायको'मधला शॉवरचा प्रसंगच घ्या. पडद्यावर मिनिटभरही नाही, शूटिंग आठवडाभर, कॅमेऱ्याच्या जागा सत्तरहून जास्त. चाकू अंगात शिरताना जवळपास दिसतच नाही. जखम होते ती कटमध्ये आणि आवाजात. वार ऐकू येतात ते खरबुजावरचे. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, कारण कृष्णधवल फिल्मवर ते गडद उमटतं. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं. संगीतकार हरमनने फक्त तंतुवाद्यांवर ते करून दाखवलं. सिनेमाला ऑस्करची चार नामांकनं मिळाली. त्यात संकलन नाही, संगीतही नाही! ज्या दोन गोष्टींवर तो प्रसंग उभा आहे, नेमक्या त्याच गायब.

'द शायनिंग'ला तर ऑस्करचं एकही नामांकन नाही. उलट सर्वांत वाईटांच्या रॅझी पुरस्कारांत दिग्दर्शक कुब्रिक आणि नायिका शेली ड्युव्हाल, दोघांची नावं होती; ड्युव्हालचं नामांकन मागे घेतलं ते थेट 2022 मध्ये. चीड येते.

मान्य, कचरा भयपट ढिगाने निघतात. दर दहा मिनिटांनी दाणकन आवाज, की झालं काम. पण तेही नीट करायला अक्कल लागते. आधी रातकिडे, पंखा, रस्त्यावरचे आवाज हळूहळू काढून घ्यावे लागतात. एकदम काढले तर प्रेक्षक सावध होतो आणि दचकायचं तेव्हा दचकत नाही. शॉवरच्या प्रसंगात तर उलटंच आहे: पाण्याचा एकसुरी आवाज चालूच राहतो, आपण त्यात सैलावतो, आणि पडदा सरकतो.

हो, 'मिझरी'साठी कॅथी बेट्सला ऑस्कर मिळालं, 'गेट आउट'च्या पटकथेलाही. नाही म्हणत नाही. अशी उदाहरणं बोटांवर मोजावी लागतात, एवढंच.

राग जरा निवळलाय. यादी करणाऱ्या मित्रा, एकच कर. 'हेरेडिटरी'तला जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग बघ. तिथे कुणी भूत दिसत नाही. मुलगी गमावलेली आई मुलावर तुटून पडते आणि ओरडता ओरडता टोनी कोलेटचा चेहरा रागातून अपराधीपणात, अपराधीपणातून तिरस्कारात जातो. तिला ऑस्करचं नामांकनसुद्धा नव्हतं. तुझ्या यादीत सव्विसावी जागा कर.