म्हणे ‘ब्लर आहे, डिलीट मार’

सकाळपासून डोकं फिरलंय. ओळखीतल्या एका पोराने त्याच्या कुत्र्याचा फोटो टाकला होता, घरात उडी मारताना, चारही पाय हवेत, कान उलटे. फोटो हललेला होता, मान्य. पण मस्ती काय दिसत होती त्यात! खाली एक महाशय: ‘ब्लर आहे. डिलीट मार.’ वर दोन हसरे इमोजी. तासाभराने बघते तर फोटो गायब.

अहो, ब्लर आहे हे त्यालाही दिसतंय की! का झाला ते सांगा ना. घरातल्या उजेडात शटर १/३० सेकंदाच्या आसपास उघडं राहिलं असणार, त्यात उडी कशी सापडेल? १/५०० ला ने, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवावा लागेल, फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत, हललेल्यापेक्षा दाणेदार परवडला. एवढं टाइप करायला एक मिनिट लागतं. पण तेवढं येत असेल तर ना.

मी नवीन कॅमेरा घेतला तेव्हा आजीचा फोटो टाकला होता. खिडकीपुढे बसलीये, हसतेय. ‘नाइस क्लिक’, ‘अप्रतिम’, मी आपली हवेत. आणि एका अनोळखी काकांनी लिहिलं, आजींचं हसू छान पकडलंयस, पण मागच्या खिडकीच्या उजेडाला कॅमेरा फसला आणि चेहरा काळवंडला, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) प्लस १ करून बघ. आणि दोन पावलं डावीकडे सरक, पडद्याचा दांडा आजींच्या डोक्यातून उगवलाय.

असला राग आला! माझ्या आजीच्या डोक्यातून दांडा? पण एकदा दिसल्यावर तो दिसायचा काही थांबेना.

बरं, प्रत्येकाला शिकायचंच असतं असं नाही, हेही खरं. कुणी हौसेने आपल्या माणसांचा फोटो टाकला तर तिथे रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन-तीन भाग पाडून मांडणी करायचा नियम) घेऊन घुसू नये. आणि ‘नाइस क्लिक’वाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे, फोटो मोठा करून बघत पण नाहीत. (मीही स्क्रोल करता करता अंगठा देऊन मोकळी होते. कबूल.)

पण ते काका आधी हसू बघून मग दांड्यावर आले होते हो. त्या महाशयांना कुत्रा तरी दिसला का?

आठवडाभर फुगून बसल्यावर मी आजीला परत खिडकीशी बसवलं. दोन पावलं डावीकडे, प्लस १, चेहरा लख्ख, दांडा गायब. फक्त ती हसली नाही, ‘झालं का तुझं?’ एवढंच म्हणाली. आता आजी नाही, आणि भिंतीवर लावलाय तो पहिलाच, दांड्यासकट.

त्या पोराला मेसेज टाकलाय, फोटो नुसता पोस्टवरून काढलास की फोनमधूनही उडवलास म्हणून. अजून बघितलेला नाही त्याने.