पॅरॅलॅक्सच्या नावावर काहीही खपवू नका

रायफलवरच्या दुर्बिणीचं, म्हणजे स्कोपचं, 'खरं सत्य' सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या भागातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्या भाच्याने तो घरी मोठ्याने वाचून दाखवला आणि भाऊजींना तो पटला. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची .३१५ रायफल आहे, तिच्यावर ४० मिलिमीटर भिंगाचा साधा स्कोप. रात्री फोन आला, "आपला नेम चुकतच नोयता भाऊ, हा पॅरॅलॅक्सच मारून रायला होता. सोयाबीनचे पैसे आले का पयले स्कोप बदलतो." कर्ज, खत, बियाणं सगळं बाजूला आणि पयले स्कोप! म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पॅरॅलॅक्स हा स्वस्त स्कोपचा दोष आहे, महागात तो नसतो. तुमची गोळी चुकते ती त्याच्यामुळेच. स्कोपच्या बाजूची नॉब म्हणजे फोकस, चित्र साफ दिसलं की काम झालं. नॉबवरचा आकडा वाचला की जनावर किती लांब आहे ते कळतं. छर्ऱ्याच्या बंदुकीला, म्हणजे एअर रायफलला, पॅरॅलॅक्सचा संबंधच नाही, उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या थर्मल स्कोपला तर तो असतच नाही. आणि शेवटी ठळक अक्षरांत: नॉब अनंताच्या खुणेवर ठेवा, मग रात्री ४०० मीटरवर डुक्कर असो की रोही (नीलगाय), क्रॉस, म्हणजे नेम धरायची आडवी-उभी खूण, दिसेल तिथेच गोळी लागेल.

त्या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, त्याच्याकडे येतोच. पण एवढ्या मोठ्या मेसेजात पॅरॅलॅक्स म्हणजे काय हे कुठेही सांगितलेलं नाही, म्हणून आधी ते.

बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग हाताने केलेला आहे. लांब पट्टीवर मधोमध भिंग, दोन्ही बाजूंना एकेक टाचणी. एका टाचणीची प्रतिमा दुसऱ्या टाचणीच्या टोकाला भिडवायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. दोन्ही टोकं एकमेकांपासून सरकली, तर टाचणी अजून जागेवर नाही. ती पुढेमागे करत राहायचं आणि दोन्ही टोकं जोडीने हलायला लागली की सर म्हणायचे, पॅरॅलॅक्स निघाला, आता अंतर लिहून घे. स्कोपमध्ये हेच घडतं. पुढचं भिंग लक्ष्याचं चित्र नळीच्या आत तयार करतं आणि क्रॉस एका ठरलेल्या जागी बसवलेला असतो. चित्र बरोबर क्रॉसच्या पातळीत पडलं, तर मागे डोळा थोडा सरकला तरी क्रॉस लक्ष्यावरून हलत नाही. चित्र जरा पुढे किंवा मागे पडलं, तर डोळा हलला की क्रॉसही लक्ष्यावर हलताना दिसतो. हाच पॅरॅलॅक्स. लक्ष्य जवळचं-लांबचं झालं की चित्राची जागा बदलते. भिंगाचा धर्मच तो, त्याला किंमत कळत नाही. महाग स्कोपला एक नॉब जास्त असते, जी आतलं भिंग सरकवून चित्र क्रॉसच्या पातळीत आणते. ती फिरवायची तुम्हीच. न फिरवता ठेवली तर महाग स्कोपातही पॅरॅलॅक्स तेवढाच. पहिला मुद्दा इथेच संपला.

दुसरा मुद्दा, म्हणजे सगळ्या चुकलेल्या गोळ्या पॅरॅलॅक्सच्या खात्यावर टाकणं. याला आकड्यांनीच उत्तर दिलं पाहिजे आणि हिशेब सातवीच्या पोराला येईल असा आहे. लक्ष्याचं अंतर आणि स्कोप ज्या अंतराला जुळवलेला आहे ते अंतर (म्हणजे जिथलं चित्र बरोबर क्रॉसच्या पातळीत पडतं), यांतला फरक काढा. त्याला जुळवलेल्या अंतराने भागा आणि पुढच्या भिंगाच्या अर्ध्या व्यासाने गुणा. आली ती पॅरॅलॅक्सची जास्तीत जास्त चूक.

नॉब नसलेले बहुतेक रायफल स्कोप कारखान्यातच १०० यार्डांना जुळवलेले असतात. सोयीसाठी १०० मीटर धरू. भाऊजींचं भिंग ४० मिलिमीटरचं, म्हणजे अर्धा व्यास २० मिलिमीटर. १०० मीटरवर चूक शून्य. ५० मीटरवर एक सेंटिमीटर. २०० मीटरवर दोन आणि ३०० मीटरवर चार सेंटिमीटर. हीसुद्धा डोळा पार कडेला गेला तर. तिथे पोचेपर्यंत चित्राच्या एका बाजूला काळी चंद्रकोर दिसायला लागते आणि कोणीही डोकं सरळ करतो. म्हणजे प्रत्यक्षातली चूक याहूनही कमी. ज्याची गोळी शंभर-दीडशे मीटरवर हातभर बाजूला जाते, त्याने पॅरॅलॅक्सचं नावसुद्धा घेऊ नये. त्याने स्कोप रायफलवर पकडून ठेवणाऱ्या रिंगचे स्क्रू पाहावेत, .३१५ च्या धक्क्याने ते ढिले होतात. लाकडी दस्ता पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि उन्हाळ्यात केलेलं झिरो, म्हणजे ठरल्या अंतरावर गोळी क्रॉसवरच लागेल अशी जुळवणी, दसऱ्यापर्यंत टिकलंय की नाही, हे परवानगीच्या रेंजवर कागदावर गोळ्या मारूनच कळतं. घोडा झटक्याने ओढला जातो का, तेही तिथेच दिसतं.

आणि जी काय दोन-चार सेंटिमीटरची चूक उरते, तिचा इलाज फुकटात होतो. गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकला पाहिजे, डोळा स्कोपच्या मधोमध आला पाहिजे. स्कोप उंच बसवलेला असेल आणि गाल अधांतरी राहत असेल, तर दस्त्यावर फोमची पट्टी ठेवून वरून घट्ट पट्टा बांधा. डोळा मध्यावर असला की क्रॉस बरोबरच असतो, मग चित्र पातळीत असो वा नसो. तपासायचं असेल तर रायफल रिकामी करा, बोल्ट उघडा ठेवा, वाळूच्या पिशव्यांवर ती पक्की बसवा आणि हात न लावता, मागे नुसतं डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. क्रॉस किती पोहतो ते दिसेल. या तपासणीला एक पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ती मेसेजात नाही.

फोकसचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करावं लागेल. स्कोप नीट लावलेला असेल तर चित्र साफ होणं आणि पॅरॅलॅक्स निघणं हे साधारण एकाच ठिकाणी घडतं. पण आधी डोळ्याकडची रिंग लावलेली पाहिजे आणि नेमकं तेच कोणी करत नाही. ती रिंग फक्त क्रॉससाठी असते. स्कोप मोकळ्या आभाळाकडे धरायचा, सूर्याकडे चुकूनही नाही, आणि नजर टाकल्याबरोबर क्रॉस काळाकुळीत, धारदार दिसेपर्यंत ती फिरवायची. टक लावून पाहत बसलं की डोळा आपणहून जुळवून घेतो आणि फसवतो, म्हणून दर वेळी नजर दुसरीकडे नेऊन परत आणायची. हे झाल्याशिवाय बाजूच्या नॉबने चित्र कितीही साफ करा, क्रॉस पोहतच राहील. शेवटचा निकाल डोकं हलवूनच घ्यायचा. चित्र साफ आणि क्रॉस हलतोय, तर क्रॉसचं ऐका आणि नॉब आणखी थोडी फिरवा.

नॉबवरून अंतर मोजण्याचंही तसंच. फील्ड टार्गेट नावाच्या एअर रायफलच्या खेळात लोक खरंच असं अंतर मोजतात. पण तिथली लक्ष्यं १० ते ५५ यार्डांतली, स्कोप भरपूर मोठं दाखवणारा, नॉबवर थाळीएवढं चाक बसवलेलं आणि त्यावरच्या खुणा प्रत्येकाने मोजपट्टी धरून स्वतः केलेल्या. लांबच्या अंतराला नॉबवरचे आकडे एकमेकांना चिकटत जातात. २०० ची खूण आणि अनंताची खूण यांत बोटभरही जागा नसते. त्यावरून ३०० की ४०० हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल तर साफ उलटं सांगितलंय. १०० मीटरला जुळवलेला ४० मिलिमीटरचा स्कोप छर्ऱ्याच्या बंदुकीवर लावून १० मीटरवर नेम धरला, तर वरच्याच हिशेबाने चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाते. १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही, बारीक भोकातून पाहायची पीप साईट लागते, तो भाग वेगळा. पण ज्या पोरांना अंगणात स्कोप लावून सराव करायचा आहे, त्यांनी जवळच्या अंतराला जुळवता येणारा, पुढच्या भिंगावर फिरती रिंग असलेला स्कोपच घ्यावा. थर्मलचा मुद्दा बरोबर आहे. तिथे चित्र आणि क्रॉस दोन्ही एकाच पडद्यावर उमटतात, त्यामुळे डोळा हलून फरक पडत नाही. मात्र पुढे जे सांगणार आहे, त्यातलं काहीही थर्मलनेही टळत नाही.

आता ते ४०० मीटरचं वाक्य. नॉब अनंतावर ठेवली की पॅरॅलॅक्सची चूक कोणत्याही अंतराला अर्ध्या भिंगाहून जास्त होत नाही, म्हणजे इथे दोन सेंटिमीटर. एवढा कण खरा आहे आणि त्याच्या आधारावर बाकीचं सगळं खोटं उभं केलंय. कारण क्रॉस स्थिर दिसला म्हणून गोळी सरळ जात नाही. ती सुटल्या क्षणापासून खाली पडत असते. हिशेब करून पाहा. वेग सेकंदाला ७०० मीटर धरू. .३१५ च्या जड गोळीला हा सढळ हाताने दिलेला वेग आहे. हवेचा अडथळा शून्य धरू, म्हणजे ही दुसरी सवलत. रायफल १०० मीटरला झिरो केलेली. तरीही ३०० मीटरवर गोळी क्रॉसच्या अर्धा मीटर खाली जाते आणि ४०० मीटरवर एक मीटरहून जास्त. खरी हवा मोजली तर याहूनही खाली. वारा अजून धरलेलाच नाही. अंधारात ३०० चं अंतर ४०० वाटलं, तर एवढ्या एका चुकीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक. डुकराच्या छातीत जिथे गोळी लागली की ते जागीच बसतं, ती जागा जेमतेम वीतभर. दोन सेंटिमीटरची काळजी मिटवून एक मीटरची चूक हातात देणाऱ्याला काय म्हणायचं?

ती गोळी छातीच्या खाली गेली तर पायाला लागते, नाहीतर पोटाला. मोडक्या पायाचं डुक्कर तिथे पडून राहत नाही. ते तुरीत शिरतं, नाल्याच्या काठच्या झुडपात शिरतं आणि सकाळपर्यंत जिवंत असतं. सकाळी त्या वावरात कोण येतं? कपाशी वेचायला आलेल्या बाया, कंबरेला ओटी बांधून, खाली वाकलेल्या. जखमी डुक्कर माणसावर कसं येतं, हे आपल्याकडे ज्याने पाहिलं त्याला समजावून सांगावं लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक पाहिलेलं नाही.

आणि गोळी डुकराला लागलीच नाही, तर? रायफलची गोळी धुऱ्याशी थांबत नाही, ती किलोमीटरच्या कितीतरी पुढे जाते. आपली वावरं रात्री रिकामी नसतात. कृषिपंपाची लाईन रात्रीची असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसं पांदणीने बॅटऱ्या घेऊन जातात. जागलीला म्हातारी माणसं मचाणावर असतात, घोंगडं पांघरून. ४०० मीटरवर अंधारात चमकलेले दोन डोळे डुकराचे, बांधून ठेवलेल्या गोऱ्ह्याचे की कुत्र्याचे, हे कोणता पॅरॅलॅक्स सांगतो? लक्ष्याच्या मागे काय आहे ते दिसत नसेल, मातीचा उंचवटा किंवा पाळ नसेल, तर गोळी सोडायचीच नाही. हा बंदूक हातात घेणाऱ्याचा पहिला नियम आणि त्या मेसेजात तो एका शब्दानेही नाही.

पिकाचं नुकसान खोटं आहे असं मी म्हणत नाही. रोह्यांच्या कळपाने एका रात्रीत हरभरा सपाट केलेला मी पाहिला आहे, डुकरांनी उकरलेलं भुईमुगाचं वावरही. शेतकऱ्याचा राग खरा आहे. पण पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याचं कलम ११ वाचा. उभ्या पिकाला धोका झालेलं जनावर मारायची मुभा त्यात आहे, पण अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याने कारणं नमूद करून लेखी आदेश दिला तरच, आणि त्या आदेशात सांगितलेल्या भागापुरतीच. अर्ज वनखात्याकडे करायचा, नुकसानीचा पंचनामा करून घ्यायचा, आदेश कागदावर हातात घ्यायचा. तो आदेश नसताना नॉब अनंतावर ठेवून गोळी सोडणारा माणूस कायद्याने शिकारी ठरतो. त्याच कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नही धरलेला आहे, म्हणजे गोळी चुकली आणि डुक्कर निघून गेलं, तरी गुन्हा झालेलाच असतो.