स्टेज पाचपर्यंत

शनिवारी सकाळी साडेआठला कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका बर्फाच्या रिंकवर गुडघे टेकून लेकीच्या स्केट्सच्या नाड्या आवळत होतो, तेवढ्यात फोन वाजला. भावंडांच्या ग्रुपवर दादा : "आता मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट! उद्या डिकीतल्या भाजीलाही घालायला सांगतील." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग नेहमीचं पुराण. पेठेत ताशी वीसच्या वर गाडी जातेच कुठे, मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात, आधी खड्डे बुजवा.

खड्ड्यांचं मान्य. बाकीच्याने माझं टाळकं सटकलं.

ताशी वीस म्हणे! माझी सात वर्षांची पोर बर्फावर त्याच्या पावपटीनेसुद्धा जात नाही, तरी हेल्मेटशिवाय तिला फाटकाच्या आत सोडत नाहीत. स्केट कॅनडा या इथल्या स्केटिंग संघटनेचा नियमच आहे : कॅनस्केटमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या वर्गात, स्टेज पाच पार होईपर्यंत सीएसए या मानक संस्थेचा स्टिकर असलेलं हॉकीचं हेल्मेट. पहिल्या दिवशी मी पैसे वाचवायला तिचं सायकलचं घेऊन गेलो होतो. फाटकावरच्या मुलीने ते उलटं करून आत स्टिकर शोधला आणि गोड हसून परत दिलं. सायकलचं हेल्मेट एक मोठा दणका खाऊन बाद व्हायला बनवलेलं असतं, हॉकीचं पुन्हा पुन्हा आपटायला. शिवाय ते मागून खालपर्यंत येतं. नवशिक्याचे पाय पुढे सटकतात, तो उताणा पडतो आणि डोकं मागून आपटतं. त्याला वेग लागत नाही, स्वतःची उंची पुरते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बाकावर बसून, हातमोजा काढून, एका अंगठ्याने. शिवाय हेही, की चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीतच आलंय, मी कॅनडातून पाठवलेलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात सक्ती सुरू झाली तेव्हा दादा निषेधाला जाऊन आला होता. वर फोटोही टाकला होता.

काचेपलीकडे कोच पोरांना पडायला शिकवत होती. इथे तोच पहिला धडा. गुडघे वाकवा, एका कुशीवर बसल्यासारखे पडा आणि हात लगेच आवरा, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याला बोटं दिसत नाहीत. मग रांगत्या बाळासारखं व्हायचं, एक पाय रोवायचा, उठायचं. कोच मार्करने बर्फावर गोल आणि लाटा काढून ठेवते, पोरं त्यावरून डुलत जातात. माझी मात्र पात्याच्या पुढच्या दातांवर अडखळते. चौदा वेळा पडली, तोवर मोजलं. पंधराव्यांदा मागे गेली आणि टक्क असा आवाज काचेतून ऐकू आला. ती उठली, हेल्मेट सरळ केलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. मी हातातल्या टिम्सच्या कॉफीच्या कपाचं झाकण चेपून टाकलं होतं.

तोवर दादाचं उत्तर आलेलं. "टीव्हीवर गिरक्या घेतात त्या पोरींच्या डोक्यावर काय असतं रे? पिना."

आता आली का पंचाईत. अमेरिकेच्या इलिया मलिनिन या स्केटरने 2022 साली स्पर्धेत पहिल्यांदा साडेचार गिरक्यांची उडी पूर्ण केली, तीही उघड्या डोक्याने. आमच्या रिंकवरसुद्धा स्टेज पाच झाली की हेल्मेट उतरतं, म्हणजे पोरं खऱ्या उड्या मारायला लागतात नेमकी तेव्हा. आमच्या ऑन्टॅरियो प्रांतात अठरा वर्षांवरच्याला सायकलवर हेल्मेटची सक्ती नाही. आणि रविवारच्या पब्लिक स्केटला मी स्वतः लोकरी टोपी घालून कठड्याला धरून फिरतो. यातलं काहीही मी ग्रुपवर लिहिलं नाही. दादाला कशाला आयतं कोलीत द्यायचं?

आणखी एक गोष्ट लिहिली नाही. गेल्या डिसेंबरात पुण्यात होतो. दादाचा नातू रोलर स्केटिंगला जातो, म्हणून लेकीला दाखवायला निघालो. एका ॲक्टिव्हावर चौघं : पुढे नातू उभा, मग दादा, मग लेक, शेवटी मी कॅरिअरला धरून. नातवाचं स्केटिंगचं हेल्मेट पिशवीत, पिशवी हुकाला. रिंकवर उतरल्यावर पठ्ठ्याने ते शिस्तीत घातलं, पट्टा स्वतः आवळला. "सर ओरडतात," म्हणाला. यावर अमेरिकेतल्या चुलत बहिणीला मी चांगला परिच्छेदभर विनोद लिहून पाठवला होता.

त्यात एवढंच गाळलं, की निघताना लेकीने विचारलं होतं, "बाबा, माझं हेल्मेट?" आणि मी म्हणालो होतो, "इथे नाही लागत गं." दादाने मान वळवून "आले कॅनडावाले" म्हणू नये, एवढ्यासाठी. कॅनडात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत मला कुणी त्या स्कूटरवर पाहुण्यासारखं बसवलं नव्हतं, त्या दिवशीही बसवू नये असं वाटलं. लॉ कॉलेज रस्त्यावर वारं केसांत शिरलं. फार बरं वाटलं, हे नाकारत नाही.

दादाच्या पिनांना उत्तर म्हणून मोठा मेसेज लिहिला आणि खोडला. त्याऐवजी लेकीचा इतर पोरांसोबतचा बर्फावरचा फोटो टाकला, हेल्मेट, जाळी, हनुवटीखाली पट्टा. दोन मिनिटांत दादा :

"छान. पण आपली कुठली त्यातली?"