‘द’ घालू की नको?

‘अंगणात मांजर बसलंय’ म्हटलं की ते कुठलंतरी मांजर. ‘मांजर अंगणात बसलंय’ म्हटलं की ते आपलंच, मघापासून शोधत होतो ते. मराठीत शब्दांच्या जागा बदलल्या की भागतं. इंग्रजी नाम मात्र लग्नातल्या नवरीसारखं, करवलीशिवाय हलत नाही. ही करवली म्हणजे नामाआधी येणारं आर्टिकल: अ (a), ॲन (an) किंवा द (the). पहिल्या मांजराला ‘अ’, दुसऱ्याला ‘द’.

‘अ’ की ‘ॲन’, हा त्यातल्या त्यात सोपा भाग, आणि शाळेने नेमका तोच बिघडवून ठेवलाय. ‘ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन’ हे पाठांतर विसरा. इथे अक्षर नव्हे, उच्चार चालतो. आपल्याकडे त्याला झकास हत्यार आहे. शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. म्हणून ॲन अवर, ॲन एमएलए, ॲन एफआयआर. पण अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन, अ वन-रुपी कॉइन. आमदाराला ॲन आणि पीएसआयला अ, यात मानापमान काही नाही. फक्त वर्षाला आपण ‘इयर’ म्हणतो तिथे सांभाळा. इंग्रजाच्या तोंडी त्याची सुरुवात य-ने होते, म्हणून ‘अ यिअर’. ‘ॲन इयर’ म्हणालात तर तो तुमच्या कानाकडे बघेल.

आता ‘द’. ‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ हा नियम गोष्टीतल्या राजापुरता ठीक. घरात ‘पंखा लाव’ म्हणताना पंख्याची आधी ओळख करून देत नाही, तरी ‘द फॅन’च, कारण कुठला, ते दोघांनाही ठाऊक असतं. खरी कसोटी एवढीच: ऐकणाऱ्याला ‘कुठला?’ असं विचारावं लागेल का? लागणार नसेल तर ‘द’.

एवढ्यावर थांबली तर ती इंग्रजी कसली! गोदावरीला द, अरबी समुद्राला द, पश्चिम घाटाला द. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई मात्र उघडंबोडकं, आणि लोणार लेकही तसंच. नद्या, समुद्र, डोंगररांगा यांना द. सुटं शिखर आणि नावासकट आलेलं तळं यांना नाही. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला द नको, पण तीच संस्था ‘युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ झाली की द हवाच. सगळी करामत मधल्या ‘ऑफ’ची. माझ्या मते हा नियम घोकण्यासारखा आहे, कारण सरकारी नावांत ऑफ फार.

काही ठिकाणी द गाळलात तर घराण्याची अब्रू जाते. ‘मामा वेंट टू प्रिझन’ म्हणजे मामा आत गेले, शिक्षा भोगायला. ‘टू द प्रिझन’ म्हणजे कुणाला भेटायला, फार तर नळ दुरुस्त करायला. शाळेचंही तसंच: पोरगं ‘टू स्कूल’ जातं, तक्रार ऐकायला बोलावलेला बाप ‘टू द स्कूल’.

सल्ला, माहिती, फर्निचर, सामान ही मंडळी इंग्रजीत मोजलीच जात नाहीत. ‘एक सल्ला देतो’ आपल्याकडे बिनधास्त चालतं. तिथे ‘ॲन ॲडव्हाइस’ चूक, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणायचं. फुकटची वस्तू, पण देणार तुकड्यानेच.

सगळ्यात महाग पडतो तो न घातलेला ‘अ’. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत, नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ यांचंही तेच. नोकरीच्या अर्जात विनयाने ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स’ लिहिणारा आपण होऊन कळवतो, की मला या कामातलं फारसं काही येत नाही. मुलाखतीला बोलावलंच नाही, तर साहेबाला इंग्रजी नीट येतं एवढं समजावं.