झेपत नाही म्हणे!

सकाळी सकाळी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी येऊन पडली. 'आईबाबा पहिल्यांदा लंडनला येतायत? हे वाचाच!' खाली चौदा मुद्दे. हीथ्रोला उतरल्यावर हे कार्ड घ्या, ते घेऊ नका, हे भारतातूनच मागवा, ते मशीनवर मिळेल, दिवसाचा पास, आठवड्याचा पास, पर्यटकांचं वेगळं कार्ड. मी इथे लंडनच्या हॅरो भागात राहते, रोज ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, कामाला जाते, तरी वाचून मलाच गरगरलं. बरं, यादीचं एक वेळ सोडा. खाली एका शहाण्याने लिहिलं होतं, "एवढं कशाला? सरळ टॅक्सी करून द्या. आपल्या लोकांना हे सगळं झेपत नाही." त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

झेपत नाही? कुणाला झेपत नाही? जिने उभ्या आयुष्यात डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली, तीही एका हातात पोराचं दप्तर आणि दुसऱ्या हातात स्वतःचा डबा घेऊन, तिला? गणपतीत आरक्षण नसताना अख्खं बिऱ्हाड एसटीत बसवून कोकणात नेणाऱ्या माणसाला? त्यांना तिकिटाऐवजी एक कार्ड बसमधल्या यंत्राच्या चकतीला लावणं झेपत नाही, आणि तुम्हाला झेपतं, कारण तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात!

आमच्या काकांची गोष्ट सांगते. काही जणांना आधीच माहीत आहे, त्यांनी परत वाचावी.

माझे धाकटे काका एसटीत कंडक्टर होते, सातारा विभागात. वेबिल (हिशोबाचा कागद), तिकिटांचा ट्रे आणि पंच यात नोकरी गेली, शेवटी शेवटी तिकिटाचं मशीन आलं. निवृत्तीनंतर काका-काकू माझ्याकडे राहायला आले तेव्हा मी त्यांना आणायला हीथ्रोवर गेले. माझ्याकडे गाडी नाही. (टॅक्सी करायची दानत नाही, असं काकू अजून सगळ्यांना सांगतात.) टर्मिनल दोन आणि तीनच्या मधे बस स्टेशन आहे, तिथून एसएल९ पकडली. ही बस थेट हॅरोला येते, मोजक्या थांब्यांवर थांबते आणि भाडं लंडनच्या कुठल्याही साध्या बसचं. विमानतळाची म्हणून एक पेनी जास्त नाही.

काकांनी घरून निघतानाच पौंडाची नाणी मिळवून खिशात ठेवली होती. प्रवाशाने सुटे द्यावेत, हा त्यांचा धर्म. आता इथल्या बसमध्ये २०१४ च्या जुलैपासून रोख पैसे घेतच नाहीत. मी म्हटलं, "काका, नाणी राहू द्या. कार्ड काढा आणि त्या पिवळ्या चकतीला लावा." लावलं. आवाज झाला, हिरवा दिवा लागला. काका तिथेच उभे. उजवा तळहात पुढे, बोटं किंचित वाकवलेली. मागे रांग. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतोय, हे ड्रायव्हरकडे.

"अगं, तिकीट?"

"तिकीट नसतं काका. झालं."

"झालं म्हंजे? चेकर चढला तर दाखवू काय त्याला?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर. चेकर आला तर तेच कार्ड त्याच्या मशीनला लावायचं. हे सांगूनही काका हॅरो येईपर्यंत कार्ड मुठीत धरून दाराकडे नजर लावून बसले. जन्मभर विनातिकीटवाले पकडलेला माणूस स्वतः तिकिटाशिवाय बसला होता, त्याचा जीव कसा थाऱ्यावर राहणार!

तर त्या चौदा मुद्द्यांचा माझ्या मते एकच मुद्दा होतो. हीथ्रोला उतरल्यावर तिकीट निवडायचंच नाही. बसमध्ये २०१२ च्या डिसेंबरपासून आणि ट्यूबमध्ये २०१४ च्या सप्टेंबरपासून साधं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. बसमध्ये चढताना एकदा लावायचं. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा तेच कार्ड. दिवसभर कितीही हिंडा, एका मर्यादेपुढे पैसे कापले जात नाहीत. सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही मर्यादा असते. म्हणजे दिवसाचा पास घ्यावा की आठवड्याचा, हा हिशोब यंत्र तुमच्यासाठी करतं. ऑयस्टर, म्हणजे इथलं पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घ्यायचं तर आधी त्या कोऱ्या कार्डाचेच पैसे मोजा, ते परतही मिळत नाहीत. तरी आपल्याकडे फॉरवर्ड फिरतायत, "मुंबईहूनच ऑयस्टर घेऊन जा!" कुठल्या जमान्यात आहात?

हां, सोबत अकरा ते पंधरा वर्षांची मुलं असतील तर ऑयस्टर घ्या. स्टेशनवरचा माणूस त्यावर मुलांची सवलत चढवून देतो, ती बँक कार्डावर मिळत नाही. अकराच्या आतली ट्यूबमध्ये मोठ्यांबरोबर फुकट. आणि भारतीय कार्डावर बँक परकीय चलनाचे वरचे पैसे लावते, तेही मान्य. झालं समाधान?

खरी मेहनत विमानतळावर नाही, निघण्याआधी करायची असते, आणि ती त्या यादीत नव्हतीच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड परदेशातल्या वापरासाठी आणि कॉन्टॅक्टलेससाठी बंदच येतं. आपण सांगून चालू करून घ्यावं लागतं. रुपे कार्ड इथल्या गेटला चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं. आणि माणशी एक कार्ड. बाबांच्या कार्डावर आईला मागून आत घेता येत नाही. काका स्वतः काकूंना घेऊन बँकेत गेले होते. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, लंडनला एवढं काय खरेदी करणार?" काकू म्हणाल्या, "बसचं तिकीट." त्याला वाटलं चेष्टा करतायत.

आता मला खरा राग कशाचा येतो ते लिहिते.

हीथ्रोहून शहरात रुळांवरून जायचे तीन रस्ते. पिकॅडिली लाइन, १९७७ पासून आहे, तास-पाऊण तास लागतो, भाडं सहा पौंडांच्या आसपास. एलिझाबेथ लाइन, २०२२ मध्ये सुरू झाली, पॅडिंग्टन स्टेशनला अर्ध्या तासात, भाडं पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त. आणि १९९८ पासूनची हीथ्रो एक्सप्रेस, पंधरा-वीस मिनिटांत पॅडिंग्टन आणि तिथेच खेळ खलास, ऐन वेळी बसलात तर भाडं पिकॅडिलीच्या चौपटीच्या घरात. आधी तारीख ठरवून काढलं तर बरंच स्वस्त पडतं, ठीक आहे. पण ही एक्सप्रेस आणि एलिझाबेथ लाइन एकाच फलाटावरून सुटतात, आणि तुमचं कार्ड दोन्हींना चालतं! रात्रभर विमानात न झोपलेला माणूस समोर आलेल्या गाडीत चढतो. कुठल्या गाडीत चढलो ते भाडं कापल्यावर कळतं. पाट्या आहेत, घोषणा होतात, सगळं खरं. पण पहिल्यांदा आलेल्या माणसाला जांभळी पाटी एलिझाबेथ लाइनची हे कुणी सांगितलंय?

आणि पिकॅडिलीसुद्धा साधी राहिली नाही. हीथ्रो ते मध्य लंडन असा प्रवास केला तर २०२२ पासून दिवसभर गर्दीच्या वेळचंच भाडं. दुपारी दोन वाजता रिकाम्या डब्यात बसा, भाडं सकाळी आठचं! का? तर विमानाने आलात ना, मग पैसे असतीलच. माझ्या काकांनी तिकिटासाठी किती वर्षं बाजूला टाकले ते यांना काय माहीत.

हे सगळं काकांना घरी आल्यावर चहा पिताना समजावलं. त्यांना दोन मिनिटांत कळलं. "म्हंजे लालपरी, निमआराम आणि शिवनेरी," म्हणाले. "गाव एकच, भाडी तीन. त्यात काय?" मग टप्पा किती किलोमीटरचा ते विचारलं. एसटीत सहा किलोमीटरचा टप्पा. इथे झोन, म्हणजे भाड्यासाठी पाडलेले शहराचे पट्टे, हीथ्रो सहाव्या झोनमध्ये. तेही पटलं. मग म्हणाले, "पण शिवनेरीत कुणी चुकून बसत न्हाई. दारात कंडक्टर असतो, तो म्हातारं माणूस बघून आधीच सांगतो, आजी, ही शिवनेरी हाय, भाडं जास्त पडंल, लाल गाडी मागनं येतीय. हितं कोण सांगतं?"

कुणी नाही, काका. मी त्यांना सांगितलं की इथल्या नेहमीच्या बसवरचे कंडक्टर २००५ च्या डिसेंबरमध्ये संपले, १५९ नंबरची बस शेवटची. ट्यूबच्या तिकीट खिडक्याही २०१५ मध्ये बंद केल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "मग विचारायचं कुणाला?"

तेव्हापासून 'आपल्या लोकांना झेपत नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. हुशारी कमी पडत नाही हो त्यांची. ज्याला विचारायचं तो माणूस काढून टाकला आणि त्याच्या जागी पाट्या लावल्या, ॲप दिलं. स्टेशनवर निळ्या गणवेशातली माणसं उभी असतात, विचारलं तर आपुलकीने सांगतातही, हे मी नाकारत नाही. पण ज्याला इंग्रजीत विचारायचा संकोच वाटतो त्याच्या ते काय कामाचं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. टॅक्सी करून देणाऱ्यांचं मन मला कळत नाही असं नाही. दोघांच्या मिळून चार बॅगा, त्यात लोणचं, भाजणी, गोडा मसाला, नातवाचे कपडे. गुडघे दुखतायत. कुणाचं ऑपरेशन झालंय. अशांना टॅक्सीच करा, दहा वेळा करा. आपण मुंबईत उतरतो तेव्हा वेगळं काय होतं? २०२४ मध्ये टर्मिनल दोनपाशी मेट्रो आली, आता ती पार कफ परेडपर्यंत जाते, तिकीट जास्तीत जास्त सत्तर रुपये. मी एकदा नुसतं म्हटलं, मेट्रोने येते. फोनवर पलीकडे शांतता. मग माझा मावसभाऊ, त्याची बायको, दोन मुलं आणि मावशी, सगळे एका गाडीतून मला आणायला आले आणि माझ्या बॅगेला जागा उरली नाही. प्रेम आहे ते. त्याला नावं ठेवणार नाही.

पण प्रेमापोटी टॅक्सी करणं वेगळं आणि 'यांना जमणार नाही' म्हणून करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आईबाबा तीन महिने घरात बसतात. तुम्ही कामावर, ते खिडकीत. शनिवारी तुम्ही नेलंत तर बाहेर, नाहीतर टीव्हीवर मराठी चॅनल. अशी कितीतरी घरं मी हॅरोत, वेम्बलीत पाहिलीत.

आमच्या काकूंनी आल्या आल्या विचारलं होतं, "बायकांना अर्धं तिकीट न्हाई?" नाही म्हटल्यावर, "मग शिंदे साहेबांनी दिलंय ते बरं की!" काकांना पासष्टीनंतरचं हाफ हवं होतं. तेही पाहुण्यांना नाही, ज्येष्ठांची सवलत इथे राहणाऱ्यांनाच. दोघांनी मनसोक्त नाराजी व्यक्त केली आणि पहिल्या आठवड्यापासून बसने हिंडायला लागले. साउथ हॅरोची भाजी, वेम्बलीचं दुकान, नीस्डनचं मंदिर. संध्याकाळी काका वहीत कुठून कुठे गेलो ते मांडायचे आणि दिवसाचे किती कापले गेले ते मला ॲपवर बघायला लावायचे. हिशोब एकदाही चुकला नाही, म्हणजे त्यांचाही आणि यंत्राचाही. पुढच्या वेळी आले तेव्हा मला ऑफिसात मीटिंग होती. दोघं हीथ्रोहून आपले आपण एसएल९ ने आले, आणि वाटेत एका गुजराती जोडप्याला कार्ड कसं लावायचं ते काकांनी शिकवलं. हिंदीत. हक्काने.

तो 'झेपत नाही'वाला माझ्या मित्रयादीत आहे, वाचेलच. त्याने वाईट वाटून घेऊ नये. खरं तर घ्यावं थोडं.

ज्यांचे आईबाबा या महिन्यात येतायत त्यांनी एवढंच करावं. दोघांची दोन कार्डं चालू करून घ्या. तुम्ही कुठे राहता त्याप्रमाणे एक रस्ता ठरवा, एकच, आणि तो फोनवर मराठीत सांगा. हॅरोवाल्यांनी एसएल९, क्रॉयडनवाल्यांनी एसएल७, हाउन्स्लोवाल्यांनी पिकॅडिली. टर्मिनल चार किंवा पाचला उतरणार असतील तर बस स्टेशनपर्यंतची गाडी फुकट आहे, तेही सांगून ठेवा. कुणाला सुट्टी मिळत नसेल तर मला कळवा. शनिवार-रविवार मी मोकळी असते, बस स्टेशनात येऊन उभी राहीन. गाडी नाही माझ्याकडे, परत सांगते, आणि कृपा करून त्यांच्या बॅगा तेवीस किलोच्या वर भरू देऊ नका, एसएल९ मध्ये उचलायला मीच असते.