सिन्नरहून आलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

आपली तक्रार अशी: वडिलांना मणक्याच्या ऑपरेशनसाठी सिन्नरहून नाशिकला बोलावून शुगरमुळे परत पाठवलं, शुगरची गोळी बंद करायचं कुणी सांगितलं नाही, दुर्बिणीचं ठरलेलं असताना मोठी चीर दिली आणि तळपायांची आग तशीच आहे. त्यांचे रिपोर्ट इथे मांडणार नाही. आमची पद्धत सांगतो.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, ८ च्या वर असेल तर आम्ही ऑपरेशनला थांबतो. अशा शुगरमध्ये जखम रेंगाळते, आणि इन्फेक्शन मणक्यांमधल्या गादीत उतरलं तर बहुधा सहा आठवडे अँटिबायोटिक घ्यावं लागतं. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी तर ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते. नाहीतर शुगर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन वाढून पेशंट गंभीर होतो. ही आठवण आधी फोन करून द्यायला हवी होती. ती चूक आमची, हेलपाट्याबद्दल माफी मागतो. लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर मात्र शुगरसाठी थांबत नाही. इन्सुलिनची ड्रिप लावून ऑपरेशनला घेतो.

आता चीर. दुर्बिणीने, म्हणजे ट्यूबमधून करताना ती साधारण दोन सेंटिमीटरची असते आणि स्नायू फक्त फाकवले जातात. उघड्या ऑपरेशनमध्ये ते हाडावरून सोडवावे लागतात, मागे पोकळी राहते, तिथे रक्त साचलं की जंतूंना जागा मिळते. म्हणूनच मधुमेहात आमची पहिली पसंती ट्यूबला. पण गादीचा तुकडा चुन्यासारखा कडक होऊन नसेच्या आवरणाला चिकटला असेल, तर अरुंद ट्यूबमधून ओढताना आवरण फाटून आतलं पाणी गळू शकतं. तिथे चीर वाढवणंच शहाणपणाचं. पायाच्या कळेला वर्षभरानंतर मिळणारा आराम दोन्हींत जवळपास सारखाच असतो. बेत बदलला की नातेवाइकांना बाहेर येऊन त्याच वेळी सांगायला हवं, ही आपली तक्रार रास्त आहे.

दबलेल्या नसेची कळ बहुधा एकाच पायात, नितंबापासून पोटरीपर्यंत उतरते. दोन्ही तळव्यांची, रात्री वाढणारी आग बहुतेकदा मधुमेहाने नसा झिजल्याची असते. ती कुठल्याच चिरेने जात नाही.

वडिलांना येत्या आठवड्यात घेऊन या, फी नाही. तळव्यांची संवेदना तपासू. सोबत शुगरची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. ताप, जखमेतून पाणी किंवा पाठीचं दुखणं नव्याने वाढलं असेल तर आजच या.